अठरा वर्षांत एकदाही नाही म्हणे!

बसू नकोस, उभाच राहा. आणि काय म्हणालास ते पुन्हा एकदा सांग. गणपती पंधरवड्यावर आले, मुंबईहून भाऊ-भावजया येणार, घरात वीस-बावीस माणसं होणार आणि तुझ्या संडासाचं पाणी उतरत नाही. इथवर समजलं. अडचण आहे, कोणालाही येते. पण पुढचं वाक्य तू छाती फुगवून बोललास. ‘सर, बंगल्याला अठरा वर्षं झाली, टाकी एकदाही उपसावी लागली नाही!’ आणि त्याला लागूनच तिसरं, ‘खालच्या वाडीतले दोघं उतरायला तयार आहेत, दोन हजारांत काम होतंय, तुमचं ऐकतात ते, तेवढा एक शब्द टाका.’

टाकतो शब्द. पण त्यांच्याकडे नाही, तुझ्याकडे. आणि एकावर भागणार नाही. सूनबाई ओटीवर बसली आहे, तिलाही आत बोलाव. घर दोघांचं आहे, आणि संडास घासायला तू काही कधी हात लावला नसशील.

आधी तुझ्या अठरा वर्षांचा हिशेब मांडू. गणितात बरा होतास. सेप्टिक टँक कशी बांधावी याचं भारतीय मानक आहे, आयएस 2470. त्यात पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली साधारण एक मीटर, अशी टाकी दिली आहे. दहा माणसांना दोन मीटर लांब, 90 सेंटिमीटर रुंद. हे माप मिस्त्र्यांना तोंडपाठ असतं. पण त्याच तक्त्यात खोलीचे दोन वेगळे रकाने आहेत, ते तुझ्या मिस्त्र्याने वाचले नाहीत आणि तूही विचारलं नाहीस. दोन वर्षांनी उपसणार असाल तर एवढी खोली, तीन वर्षांनी उपसणार असाल तर तेवढी. म्हणजे टाकी उपसायची, हे तिचं माप काढतानाच गृहीत धरलेलं आहे. अठरा वर्षांचा रकाना त्यात नाही. सहा ते नऊ वेळा उपसायला हवी होतीस. तेवढा गाळ गेला कुठे, सांग.

‘जिरला’ म्हणू नकोस. कुजून कमी होतो हे खरं, पण संपत नाही. मग दोनच शक्यता उरतात. एक, तुझ्या टाकीला तळच नाही. मिस्त्री म्हणाला असेल, ‘खाली काँक्रीट कशाला, चिऱ्याच्या सांध्यात फटी ठेवतो, पंचवीस वर्षं बघायला नको.’ म्हणाला होता ना? मान खाली गेली, म्हणजे म्हणाला होता. तळ नसला की तिला टाकी म्हणत नाहीत बाबा, खड्डा म्हणतात. दुसरी शक्यता, तळ आहे, पण गाळ केव्हाच वरपर्यंत चढला आणि गेली कित्येक वर्षं तुमचा मैला जसाच्या तसा शोषखड्ड्यात जातोय. आता शोषखड्डाही चोंदला, म्हणून तुंबलं. यातलं काहीही खरं असलं, तरी टाकी बंद पडून बरीच वर्षं झाली आहेत. तुला कळलं ते परवा, पाय ओले झाले तेव्हा.

बाजारात दुकान आहे तुझं. कमोड विकतोस. देशी, इंग्लिश, भिंतीला टांगायचे, सगळे. गिऱ्हाइकाला रंग दाखवतोस, फ्लशची दोन बटणं दाखवतोस, लहान कुठलं, मोठं कुठलं. बटण दाबल्यावर पुढे काय होतं, हे तुला कोणी विचारलं नाही आणि तुलाही कधी प्रश्न पडला नाही. तर ऐक. आठवीच्या पोराला सांगावं तसं सांगतो.

मैला पाण्याबरोबर पहिल्या कप्प्यात येतो. हा कप्पा मोठा, टाकीच्या दोन तृतीयांश लांबीचा. इथे पाण्याने एक-दोन दिवस स्वस्थ थांबायचं. जड असेल ते तळाला बसतं, तो गाळ. तेलकट, हलकं असेल ते वर तरंगतं, तो तवंग. मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी आडव्या भिंतीतल्या भोकांतून दुसऱ्या कप्प्यात जातं, आणि तिथून टी-आकाराच्या पाइपातून बाहेर. तो टी मिस्त्र्याने हौस म्हणून बसवलेला नसतो. वरचा तवंग बाहेर जाऊ नये म्हणून त्याचं खालचं तोंड पाण्यात बुडालेलं असतं. गाळात हवेवाचून जगणारे जिवाणू असतात, ते त्यातलं बरंचसं पचवतात आणि वायू सोडतात. वायू व्हेंट पाइपातून छपराच्या वर जातो. झालं. वीज लागत नाही, मोटर लागत नाही. टाकीचं मागणं एकच आहे, पाण्याला थांबायला जागा द्या. गाळ चढला की ती जागा आटते, पाणी थांबत नाही, आणि मैला धावत पुढे सुटतो.

तुझ्या टाकीला दोन कप्पे आहेत का? माहीत नाही. झाकणं कुठे आहेत? पेव्हर ब्लॉकच्या खाली. आणि पेव्हर ब्लॉकवर? गाडी! शाब्बास. आतल्या वायूचं आम्ल होतं, ते काँक्रीट पोखरतं, सळ्या गंजवतं, आणि अशा अठरा वर्षांच्या स्लॅबवर हे महाशय रोज रात्री चारचाकी आणून उभी करतात. गाडीचं जाऊ दे. पोरं त्याच अंगणात क्रिकेट खेळतात.

आता बाहेर पडणाऱ्या पाण्याचं. ते निवळ दिसतं, स्वच्छ नसतं. टाकी निम्मंच काम करते, उरलेलं मातीने करायचं. कावीळ, टायफॉइड, हगवण यांचे जंतू टाकीतून जिवंत बाहेर येतात. म्हणून त्याच मानकाच्या दुसऱ्या भागात सांगितलंय की शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान 18 मीटर लांब हवा आणि राहत्या घरापासून 6 मीटर. 18 मीटर म्हणजे साठ फुटांच्या जवळपास. तुझा शोषखड्डा आणि गडग्यापलीकडची काकूंची विहीर यांच्यात किती अंतर आहे? चाळीस फूट तरी भरेल का? आणि ते 18 मीटर मातीचे आहेत, हे ध्यानात घे. आपल्याकडे माती वीतभर आणि खाली जांभा. जांभ्याला भोकं, भेगा, विवरं. त्यातून पाणी गाळलं जात नाही, वाट मिळेल तसं पळतं. त्यात श्रावण-भाद्रपदात विहिरीला हात घालून पाणी काढावं इतकं ते वर येतं, तेव्हा तुझा शोषखड्डा अख्खा पाण्यात असतो. त्या दिवसांत तो शोषून कुठे नेणार? तो आणि काकूंची विहीर यांच्यात तेव्हा वेगळं असं फारसं काही उरत नाही.

त्या काकूंच्या संडासाला तू हसायचास. स्वच्छ भारतच्या बारा हजारांत झालेला, दोन खड्ड्यांचा. त्यांनी खड्डे कुठे घेतले बघितलंस? विहिरीच्या उतारावर, पार खालच्या कुणग्यापाशी. एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं, पहिला बंद करून वर्षभर तरी तसाच ठेवायचा. मग आत कोरडं, बिनवासाचं खत मिळतं, ते माडाला. पहिला खड्डा बंद केला ती तारीख त्या बाईने भिंतीवर कोळशाने लिहून ठेवली आहे. तुझ्या इटालियन टाइल्सच्या संडासाची एक तारीख सांग मला. बांधल्याची नको, वास्तुशांतीची पत्रिका मला आली होती.

विहिरीच्या पाण्याचं काय झालंय हे माझ्या बोलण्यावरून ठरवू नकोस. तपास. गावोगाव पाणी तपासायला लहान बाटल्या वापरतात, एच-टू-एस बाटल्या म्हणतात त्यांना. पाणी भरायचं, एक-दोन दिवस ठेवायचं. काळं पडलं तर त्यात विष्ठेतले जिवाणू असण्याची दाट शंका. काळं का पडतं? ते जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, बाटलीतल्या लोहाशी त्याचं लोह सल्फाइड होतं आणि ते काळं असतं. आठवतंय का काही? प्रयोगशाळेत किपच्या उपकरणात हाच वायू करून दाखवला होता. सडक्या अंड्यांचा वास आला म्हणून तुम्ही सगळे दप्तरं टाकून मैदानात पळाला होतात, आणि पळण्यात पुढे तू होतास.

त्याच वायूत तू आता दोन माणसं उतरवायला निघाला आहेस.

त्याचा रेणुभार 34, हवेचा सरासरी 29. म्हणजे तो खाली साचतो, जिथे माणूस वाकून उभा राहणार तिथे. थोडा असतो तेव्हा घाण येते. हवेच्या दहा लाख भागांत शंभरेक भाग झाला की नाक मरतं, वास येईनासा होतो, आणि उतरणाऱ्याला वाटतं, गेला वायू. त्याच्या सात-आठ पट झाला तर मोजके श्वास पुरतात. शिवाय कार्बन डायऑक्साइड आहे, आणि प्राणवायू मुळात कमी. ‘झाकण रात्रभर उघडं ठेवतो’ म्हणशील. गाळाच्या पोटात वायू कोंडलेला असतो. फावडं घातलं, गाळ हलला की तो एकदम सुटतो. ‘तोंडाला फडकं बांधतील.’ फडक्याने धूळ अडते, वायू नाही. ‘कंदील सोडून बघू, विझतो का.’ ही तर अकलेची कमालच! आत मिथेन आहे. हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन असला की ठिणगी पुरते. आणि तुम्ही त्यांना उतरण्याआधी क्वार्टर पाजता, तेही मला ठाऊक आहे. का पाजता? शुद्धीवरचा माणूस त्यात उतरणार नाही म्हणून. एवढं तुम्हालाही कळतं.

पेपरात वाचतोस ना, एका टाकीत तीन गेले, चार गेले? एकदम कोणी उतरलेलं नसतं. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दोघांना काढायला तिसरा. बहुधा भाऊ नाहीतर मुलगा असतो.

कायदा ऐकायचाय? हाताने मैला साफ करून घ्यायला बंदी घालणारा कायदा 2013 चा आहे. संरक्षणाच्या साधनांशिवाय कोणालाही सेप्टिक टँक साफ करायला लावणं हा त्यात गुन्हा आहे, आणि तो फक्त नगरपालिकेला किंवा ठेकेदाराला लागू नाही, घरमालकालाही आहे. पहिल्या खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माणूस मेला तर त्याच्या घरच्यांना तीस लाख भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सांगितलं. त्याआधी 2014 च्या निकालात दहा लाख होते. ‘तो राजीखुशीने उतरला’ असं सांगून सुटशील, या भ्रमात राहू नकोस.

पण कायद्याची भीती घालून तुला थांबवायचं, तर मग मी तुला शिकवलं काय? म्हणून आणखी एक विचारतो, त्याचं उत्तर दे. गावात एवढी माणसं आहेत. खालच्या वाडीतलेच दोघं तुला कसे आठवले? तुझा पुतण्या दोन वर्षं घरी बसून आहे, धडधाकट आहे, नदीत सूर मारतो. त्याला का नाही विचारलंस? बोल ना. दोन हजार त्यालाही नको झाले नसते. गप्प बसलास. बरं आहे, निदान लाज शिल्लक आहे.

आपल्याच मुलखात अप्पासाहेब पटवर्धन होऊन गेले. कोकणचे गांधी म्हणून भाषणात तू त्यांचं नाव घेतोस, मी ऐकलंय. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी काय मागितलं, ठाऊक आहे? मैला साफ करायचं काम मला द्या. ते नाकारलं म्हणून त्यांनी अन्न कमी केलं, आणि त्यांच्या पाठिंब्याला येरवड्यात गांधीजींनीही उपास धरला. पुढे कणकवलीला गोपुरीत ते मैल्याचं खत करण्याचे आणि संडासांचे प्रयोग करत राहिले. देहूला डॉ. मापुस्करांनी संडासांना गोबर गॅस जोडून दाखवले. त्यांना 2017 साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या दोघांनी आयुष्यं या कामात घातली आणि तुला तुझ्या स्वतःच्या टाकीचं झाकण सापडत नाही.

हं, आता काय करायचं ते. कागद घे. मोबाइलवर नको, कागदावर लिही.

उद्या सकाळी गाडी काढ, ब्लॉक उचल, दोन्ही कप्प्यांची झाकणं मोकळी कर. पहारीने दोघांनी मिळून उचलायची, पोरांना घरात ठेवायचं, विडी-सिगरेट कोणाच्या तोंडात नको. झाकण उघडल्यावर वाऱ्याकडे पाठ करून लांब उभा राहा. डोकं आत घालायचं नाही. अंगठी पडली, मोबाइल पडला, काहीही पडलं तरी नाही. मग उजेडात लांबूनच बघ, पाण्याची पातळी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या कुठे आहे. टाकी नीट असेल तर पाणी बरोबर पाइपाच्या खालच्या कडेला असतं. त्याच्या वर चढलेलं असेल तर पुढचा शोषखड्डा तुंबलाय. आणि खाली असेल तर टाकी गळते आहे. लोकांना नेमकं हेच उलटं वाटतं. पाणी खाली दिसलं की म्हणतात, वा, अजून किती जागा आहे! टाकी पहिल्या काही दिवसांत भरते आणि मग कायम भरलेलीच असते, तशीच असायला हवी. भरलेली टाकी बिघडलेली नसते, गाळाने भरलेली बिघडलेली असते.

गाळ किती, ते मोजायला परसातला लांब बांबू घे. त्याच्या खालच्या टोकाला तीन-चार फूट जुना पांढरा पंचा घट्ट गुंडाळ, सुतळीने बांध. पहिल्या कप्प्यात तवंग बाजूला सारून सावकाश तळापर्यंत सोड, चार-पाच मिनिटं थांब, तसाच सरळ वर काढ. पंच्यावर काळा पट्टा उमटतो, तो गाळ. वरचा नुसता ओला भाग, ते पाणी. काळा पट्टा पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाला की गाडी बोलवायची वेळ आली. तुझा पंचा कुठवर काळा होईल ते मला बघायची गरज नाही, पण तू बघ. मग बांबू आणि हात साबणाने धू. हे वर्षातून एकदा, दिवाळीनंतर पाऊस ओसरला की करायचं. अर्ध्या तासाचं काम आहे.

गाडी म्हणजे पंपवाली, नळी घालून ओढणारी. माणूस वर उभा राहतो, नळी खाली जाते. पैसे देण्याआधी त्याला विचार, हे नेऊन ओतणार कुठे. राज्यातल्या अनेक नगरपालिकांकडे आता मैल्यावर प्रक्रिया करणारी केंद्रं आहेत. ‘बघतो पुढे कुठंतरी’ म्हणाला तर समज, की पुढच्या वळणावर वहाळात सोडणार. त्याला परत पाठव. वाई आणि सिन्नरला नगरपालिकाच पाळीपाळीने दारात येते, तीन वर्षांच्या चक्राने. काही वर्षं चाललंय ते. लोकांनी तुंबल्यावर बोलवायची वाट बघत नाहीत, कारण तुमच्यासारख्यांची जात त्यांना माहीत आहे. आपल्या गावात तशी सोय नाही, म्हणून ती तारीख तूच सांभाळायची.

आता एक बारकावा. भर पावसात टाकी तळापर्यंत रिकामी करू नकोस. भोवतालची जमीन पाण्याने तुडुंब असते. रिकामी टाकी, विशेषतः प्लॅस्टिकची, त्या दाबाने वर उचलली जाते. सध्या पहिल्या कप्प्यातलं हवं तेवढं काढून गणपती निभाव. पुरी सफाई पाऊस गेल्यावर. तेव्हाही धुऊन-पुसून चकाचक करायला लावू नकोस. तळाला थोडा गाळ विरजणाला राहू दे, त्यावरच पुढचं पचन सुरू होतं. तुझ्या दुकानात जिवाणूंच्या पावडरीची पाकिटं टांगली आहेत ना, ‘टाकी उपसण्यापासून कायमची सुटका’ वगैरे? ती उतरव. उपसण्याला पर्याय नाहीत ती. आणि त्याच फळीवर खाली ॲसिडच्या बाटल्या. गिऱ्हाईक सकाळी जिवाणू घालतं, संध्याकाळी मारतं, आणि दोन्हींचे पैसे तुझ्या गल्ल्यात. धंदा छान आहे.

सूनबाई, तू ऐक. पॅड, लहान मुलांचे डायपर, ओले पुसायचे रुमाल, तळणीचं उरलेलं तेल, यांतलं काहीही संडासात जाणार नाही. पाहुण्यांनाही सांग, लाजू नकोस. झाकणाची बादली ठेव. न्हाणीचं आणि कपड्यांचं पाणी टाकीत सोडलंय का तुम्ही? तेही वळवा माडाच्या आळ्यात, तुझ्या सासूच्या वेळी जायचं तिथेच. बावीस माणसांच्या आंघोळी त्या टाकीवर घातल्या तर उरलासुरला गाळ गौरी-विसर्जनाआधी बाहेर येईल.

व्हेंट पाइपाच्या तोंडाला जाळी आहे का? नसणारच. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास अशाच पाण्यात वाढतो आणि त्याच पाइपातून बाहेर येतो. नायलॉनच्या जाळीचा तुकडा आणि सुतळी, तुझ्या दुकानात दोन्ही आहे. शिडी पुतण्याला चढू दे, तो मोकळाच आहे.

शोषखड्ड्याचं बोलणं दिवाळीनंतर. तो तिथून हलवावा लागणार, विहिरीपासून लांब, उताराच्या बाजूला. खर्च येईल, गाडी ठेवायची जागा जाईल. जाऊ दे. टाकीला तळ नाही असं निघालं तर तोही घालावा लागेल, तेव्हा मिस्त्री माझ्याकडे घेऊन ये.

पण हे सगळं उद्यापासून. आज संध्याकाळी ग्रामपंचायतीत जा, ती बाटली माग, काकूंच्या विहिरीचं पाणी तिच्यात भर. कळेपर्यंत त्यांनी पाणी उकळून प्यायचं, हे त्यांना आजच सांग. का म्हणून विचारतील. मग अठरा वर्षांचं सगळं सांग, काही न गाळता. मी बरोबर येणार नाही. आणि बाटली काळी झाली, तर नळपाण्याचं कनेक्शन मिळेपर्यंत त्यांच्या घरी प्यायच्या पाण्याचे दोन हंडे रोज तुझ्या बोअरवेलवरून, तीही तपासून घेतल्यावर, तू पोचवायचेस. गड्याला पाठवू नकोस.